मेटावरची जाग

दिवाळी आली की आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समागे आम्ही मुलं किल्ला करायचो. दिल्लीची माती भुसभुशीत, सह्याद्रीचा कातळ तिला जमायचा नाही. मग आत विटांचे तुकडे रचायचे, वर भिजलेलं पोतं अंथरायचं, त्यावर चिखल थापायचा आणि अळीव पेरायचे. शेजारची पंजाबी आणि तमिळ मुलं आधी नुसती बघत उभी राहायची, मग पाणी आणून द्यायची. बालेकिल्ल्यावर महाराज, दरवाज्यात दोन मावळे, बुरुजावर तोफ. सगळं मांडून झालं की माझे वडील, आप्पा, सेवा भवनातल्या कचेरीतून चालत घरी यायचे, पिशवी खाली ठेवायचे आणि दरवाज्यातला एक मावळा उचलून अर्ध्या उतारावर, वाटेच्या वळणाला नेऊन उभा करायचे.

“हा मेटावरचा. हा जागा राहिला तर वरचे झोपतील.”

आप्पांचं आजोळ तोरणा गडाच्या घेऱ्यातलं, म्हणजे पायथ्याच्या मुलखातलं. मेट हा शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकला. शाळेच्या इतिहासात तो नव्हता, आणि ज्या वस्तूचं ते नाव, ती तर केव्हाच गेली होती. हे चार शब्द तिच्यासाठी.

मेट म्हणजे गडाच्या अंगावरची चौकी. गडाचा दरवाजा वर, गाव खाली, आणि मधल्या सोंडेवर, जिथून येणारी वाट आणि समोरची दरी एका नजरेत येते, तिथे चार-दोन खोपटी. त्यांत राहणारे मेटकरी. गडावर हवालदार, सरनौबत, सबनीस, कारखानीस असा सगळा बारदाना असे. त्यांची नावं कागदांत सापडतात. घेऱ्यातले रामोशी, कोळी, महार, मांग, बेरड यांची क्वचितच सापडतात. पण कुठल्या घळीतून माणूस चढू शकतो, रात्री कुठला पक्षी उडाला म्हणजे खाली कुणीतरी हललं, हे त्यांनाच कळायचं. हातात शस्त्र असायचंच, तरी त्यांचं खरं काम वेगळं होतं. पाहायचं, ऐकायचं, आणि वेळ आली की हाळी द्यायची किंवा जाळ करायचा.

जाळाची भाषा सह्याद्रीला नवी नव्हती. ४ फेब्रुवारी १६७०ची, माघ वद्य नवमीची रात्र. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारी. तानाजी पडले, सिंहगड मात्र हाती आला. मग मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासदाने जिंजीत लिहिलेल्या बखरीत आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर मी उभा राहिलो आहे. स्वच्छ दिवशी सिंहगड तिथून नीट दिसतो. पण त्या रात्री समोरच्या अंधारावर कुणीतरी डोळा लावून बसलं होतं, म्हणून तो उजेड दिसला. जाळ करणाऱ्यांच्या शौर्यावर आपण पोवाडे केले. तो जाळ दिसावा म्हणून रात्रभर जागणाऱ्यावर एकही नाही.

आगीची धास्तीही तेवढीच होती. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना गेलेल्या पत्रात महाराज बजावतात की रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग घोडी जगवायची कशी? राज्याच्या धन्याने उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करावा, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्या राज्यात राखण म्हणजे काय, हे त्या एका पत्रात कळतं.

१८१८मध्ये गड एकामागून एक पडले. रायगडावर पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या गेल्या आणि वरचा वाडा जळून गेला. अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या, दरवाजे इंग्रजांनी मुद्दाम मोडले. तोरणा आणि राजगड भोरच्या पंतसचिवांकडे राहिले, पण ज्याची वाट पाहत जागायचं तो शत्रूच उरला नाही. मेटं तोडायला कुणाला सुरुंग लावावा लागला नाही. खोपट्यांवरचं गवत एका पावसात कुजलं, कुडं पडली. तोरण्याच्या पायथ्याला मेटपिलावरे आहे, सिंहगडाखाली घेरा सिंहगड आहे. नावं तेवढी राहिली.

गेल्या काही दशकांत तरुण पोरं-पोरी गडांवर परतली, ही माझ्या पिढीने पाहिलेली सर्वांत चांगली गोष्ट. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघायचं, पहाटे चढायचं, आणि फावडी, पहारी, घमेली घेऊन टाक्यात उतरायचं. टाक्यातला गाळ हातोहात वर येतो, त्यात कधी खापरं सापडतात, कधी तोफेचा गोळा. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर अशा संस्थांची माणसं वर्षानुवर्षं हे करताहेत. दरीत पडलेल्या तोफा दोर लावून वर आणल्या गेल्या, काही गडांना पुन्हा सागवानी दरवाजे बसले. ११ जुलै २०२५ला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, राजगड त्यांत आहे. त्या दिवशी मी इथे, दिल्लीत, आप्पांच्या फोटोपुढे पेढा ठेवला.

एक मात्र बोललं पाहिजे. दगडाच्या सांध्यात सिमेंट भरणं म्हणजे डागडुजी नव्हे. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं आणि शेजारचा जुना दगड फुटतो. गूळ, हिरडा, बेलफळ घालून घाणीत मळलेला चुना आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी, या दोन्हींना वेळ लागतो. तो वेळ द्यायलाच हवा. घाईने केलेलं प्रेम गडाला महागात पडतं.

आणि मेटांकडे कुणी जात नाही. तिथे दरवाजा नाही, बुरूज नाही, फोटो काढावा असं काही नाही. गवतात बुडालेला एखादा चौथरा, बस्स. परदेशात याच्या उलट झालं. १९१०च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळालं. त्यानंतर तिथे शिखराशिखरावर चारी बाजूंना काचा असलेल्या खोल्या उभ्या राहिल्या. वणवा शोधायला एकच माणूस उन्हाळाभर तिथे बसे. विमानं आली, उपग्रह आले, खोल्या ओस पडल्या. मग स्वयंसेवकांनी फळ्या, काचा, पत्रे डोंगरावर वाहून नेऊन त्या दुरुस्त केल्या. त्यांतल्या कित्येक आता लोकांना रात्रीच्या मुक्कामाला मिळतात. एका पहारेकऱ्याच्या खोलीची एवढी कदर! वाचलं तेव्हा मला तोरण्याच्या घेऱ्यातला आमच्या मेटाचा चौथरा आठवला.

म्हणून दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात मी तिथे गेलो. श्रमदानाला आलेल्या सात-आठ जणांनी माझ्या विनंतीवरून चौथऱ्यावरची घाणेरी काढली, ढासळलेले दगड होते तसे बाजूला रचून ठेवले. आत तीन दगडांची चूल निघाली, आतून काळीशार. गुराख्याची असेल, मेटकऱ्याची असेल. मी हात लावला आणि राखेचा वास येतो का ते पाहिलं.

दिवेलागणीला समोरच्या सोंडेवर लाल रेघ दिसली. वणवा. वाळलेलं गवत, वारा खालून वर. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४पासून उपग्रहावरून वणव्याच्या सूचना पाठवते, पण उपग्रह दिवसातून काही वेळाच डोक्यावरून जातो, आणि आमच्या कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. एक मुलगी चौथऱ्याच्या कडेला गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि खालच्या वाडीच्या दिशेने लांबलचक हाळी दिली. दोनदा, तीनदा. मग खालून कुत्री भुंकली, आणि बायाबापड्यांचा आवाज वर आला: “दिसलं, दिसलं! आलो!”

पोरं हिरवे डहाळे तोडून उतरायला लागली होती. माझे गुडघे त्या उताराचे नाहीत. मी चुलीशेजारी बसून राहिलो, रेघेवर डोळा ठेवून. ती बारीक होत होत विझली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.