घारापुरीला जावे का?

वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांना मुंबई परकी नाही. अमरावतीला रात्रीच्या गाडीत बसावे, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव मागे टाकावे आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे, हा क्रम आमच्या घरातील पुरुषांनी तीन पिढ्या पाळला. मूळजी जेठा मार्केटमध्ये कापडाची खरेदी, आडत्याकडचा हिशेब, भुलेश्वरच्या बाजूला देवदर्शन आणि रात्रीच्या गाडीने परत. त्यांच्या या मुंबईत समुद्राला जागा नव्हती. घरातील स्त्रियांच्या वाट्याला तर एवढीही मुंबई क्वचितच आली. त्यांच्यापर्यंत पोहोचत ते तेथून आलेले कापडाचे गठ्ठे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही मुंबईला गेलो. त्यांचे वय 74. काचबिंदूचे निदान पूर्वीच झाले होते. या विकारात दृष्टी कडेकडेने आक्रसत जाते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने उरलेली राखता येते, इतकेच. पहिल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी एक दिवस सोडून पुन्हा बोलावले. मधला दिवस मोकळा राहिला. मुलांनी लगेच घारापुरीचा, म्हणजे एलिफंटाच्या लेण्यांचा, हट्ट धरला आणि सासूबाईंनाही घेऊन जाऊ, असे सुचवले. तेथून घरात जी चर्चा सुरू झाली, ती अनेक कुटुंबांत होत असेल, म्हणून येथे मांडते.

पहिला आक्षेप आमच्या यजमानांचा होता आणि तो खऱ्या व्यापाऱ्याचा होता. लेणीच पाहायची तर वेरूळ आपल्या अधिक जवळ आहे. तेथे कैलास आहे आणि 30 ते 34 क्रमांकांची आपली जैन लेणीही आहेत. इंद्रसभेतील कोरीवकाम पाहून मन निवते. मग जेटी, बोट, पायऱ्या आणि गर्दी यांत अख्खा दिवस खर्चून हाती काय येणार? हा युक्तिवाद खोडता येण्याजोगा नाही. केवळ लेण्यांचा विचार केला तर वऱ्हाडातील माणसाने आधी वेरूळच पाहावे, असे मलाही वाटते.

दुसरा आक्षेप अकोल्याहून नणंदबाईंनी फोनवर घेतला. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. ती दृश्ये सर्वांनी पाहिली होती. ‘आईला पोहता येत नाही,’ असे त्या म्हणाल्या. खरे पाहता आमच्यापैकी कोणालाच येत नव्हते. या भीतीला हसण्यात अर्थ नव्हता. लाइफ जॅकेट सर्वांच्या अंगावर चढल्याशिवाय बोट सुटू द्यायची नाही, बोट भरून वाहत असेल तर तिच्यात चढायचे नाही आणि वारा अधिक असेल तर किनाऱ्यावरूनच परतायचे, अशा तीन अटी ठरवल्या, तेव्हा त्यांचा होकार मिळाला.

तिसरा आक्षेप स्वतः सासूबाईंचा होता आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत वजनदार. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. पोटापाण्यासाठी, कुटुंबासाठी, धर्मासाठी जी हिंसा टळत नाही, ती अर्थदंड. काही प्रयोजन नसताना, नुसत्या हौसेपायी होणारी, ती अनर्थदंड. ‘इंजिनाची बोट पाणी घुसळीत जाणार. अप्कायातील किती जीव! मी तिकडे कशासाठी जायचे, ते तुम्ही सांगा,’ असे त्यांनी विचारले. त्यांच्या प्रश्नात हट्ट नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

त्या रोज सकाळी चौदा नियम धारण करतात. त्यांत वाहनाचा नियम आहे. फिरते, चरते, तरते आणि उडते, अशा चार प्रकारांतील किती वाहने आज वापरणार, हे सकाळीच ठरवायचे. पन्नासएक वर्षे त्यांनी ‘तरते’ या प्रकारात काहीच ठेवले नव्हते. ठेवण्याचा प्रसंगच आला नव्हता. मात्र समुद्र त्यांना अनोळखी होता, असेही नाही. नवपदाच्या ओळीत श्रीपाळ राजाचा रास ऐकताना धवल शेठची भरूचच्या बंदरात अडकलेली पाचशे जहाजे त्यांनी वर्षातून दोनदा पाहिली होती. भक्तामर स्तोत्रात खवळलेल्या समुद्रातील प्रवाशांचे भय निवारणारा श्लोक आहे, तो त्यांना मुखोद्गत. जंबुद्वीपाभोवती लवणसमुद्र, पुढे धातकीखंड, त्यापुढे कालोदधी, आणि मनुष्याला जाता येत नाही असे आठवे नंदीश्वर द्वीप, ही सारी बेटे त्यांनी नातवंडांना शिकवली. संसाराला सागर म्हणायचे आणि तीर्थ म्हणजे तरून जाण्याचा घाट, हेही त्यांनीच शिकवले. आणि आयुष्यभर तो शब्द उच्चारणाऱ्या या बाईंनी सागर मात्र एकदाही पाहिला नव्हता.

मी त्यांना एवढेच म्हटले, ‘आई, डोळे आज आहेत. ज्याची उपमा रोज देता ते एकदा पाहून घ्यावे, हे प्रयोजन पुरेसे नाही का?’ त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नियम धारताना त्यांनी सांगितले, ‘तरते, एक.’

मग प्रश्न उरला वेळेच्या हिशेबाचा. सोमवारी लेणी बंद असतात. आमचा वार बुधवार होता. गेटवे ऑफ इंडियापासून बोटीला सुमारे एक तास लागतो. थंडीत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि चौविहार असणाऱ्याने त्याआधी जेवून पाणी आटोपले पाहिजे. म्हणून शेवटच्या बोटीचा विचारच सोडून द्यावा. नवकारशी पारून, दर्शन घेऊन, सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी धरली, तर दुपारी तीन-चारच्या आत मुंबईच्या किनाऱ्यावर परतता येते. बेटावर आपल्याला चालेल असे अन्न मिळेल, या भरवशावर राहू नये. आम्ही दशम्या, मेथीचे ठेपले, खाखरे आणि उकळलेले पाणी बरोबर घेतले. एक सूचना मात्र अवश्य करते: लेण्यांच्या वाटेवर माकडे फार आहेत, तेव्हा डबा पायऱ्या चढण्यापूर्वी, खालीच उघडावा.

बोट सुटली आणि गेटवे मागे पडला, तेव्हा सासूबाई कठड्याशेजारी बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांची नजर कडेने अरुंद झाली आहे. समोरचे त्यांना दिसते. समोर पाणीच होते. मुले जहाजे मोजत होती, नणंदबाईंचा तासाभरात तिसरा फोन आला, आणि या सर्व वेळात सासूबाई काहीही बोलल्या नाहीत.

जेटीपासून पायथ्यापर्यंत लहानशी गाडी धावते. पुढे सुमारे 120 पायऱ्या आहेत. डोलीची सोय आहे. तारुण्यात शत्रुंजय पायी चढलेल्या सासूबाईंनी डोलीला नकार दिला. गुडघे साथ देत नव्हते आणि ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बसून पाहण्यासारखे मला वर काही नाही,’ असे त्या म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर खाली थांबले. यजमान मुलांना घेऊन वर गेले.

मुलांनी परत येऊन जे सांगितले, त्यावरून त्यांचा दिवस सार्थकी लागला होता. सहाव्या शतकात काळ्या कातळात कोरलेली ती शैव लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मुख्य लेण्यातील सदाशिवाची सुमारे वीस फुटांची त्रिमुखी प्रतिमा, तिचे मधले शांत मुख, एका बाजूचे उग्र आणि दुसऱ्या बाजूचे सौम्य, हे त्यांनी हातवारे करून दाखवले. पोर्तुगीजांच्या काळात भग्न झालेल्या मूर्ती पाहून धाकटा हळहळला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आता बेटावर नाही, मुंबईत राणीच्या बागेत आहे, हे कळल्यावर तोही पाहण्याचा हट्ट अर्थातच सुरू झाला. आणि मोठ्या मुलीला सर्वांत आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे: मुंबईचे दिवे समोर दिसणाऱ्या या बेटावरील गावांत समुद्राखालून 7.5 किलोमीटरची केबल टाकून नियमित वीज आली, ती 2018 मध्ये. तोवर संध्याकाळचे काही तास जनित्रावर भागत असे.

या मधल्या वेळात सासूबाईंनी सावलीत, गर्दीपासून थोडे दूर आसन घातले, मुहपत्ती काढली आणि सामायिक घेतले. सामायिकाच्या आरंभी इरियावहियं म्हणतात. येण्याजाण्यात ज्या जीवांना आपल्यामुळे पीडा झाली, त्यांची क्षमा मागतात. पाण्याच्या जीवांचाही त्यात उल्लेख आहे. हे सूत्र मी त्यांच्या तोंडून हजारो वेळा ऐकले आहे. त्या दिवशी त्या ते फार सावकाश म्हणाल्या. अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्ण झाल्यावर सामायिक पारून त्या एवढेच म्हणाल्या, ‘एवढा मोठा असेल, असे वाटले नव्हते.’

साडेतीनपर्यंत आम्ही किनाऱ्यावर होतो, पाचला जेवलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध वाढवून दिले. तो विषय वेगळा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. घारापुरीला एक दिवस द्यावा का? घाईत असाल, परतीची गाडी त्याच रात्री असून अजून खरेदी उरली असेल, तर देऊ नये. बोटीत बसून घड्याळ पाहत राहण्यात कोणाचाच लाभ नाही. चातुर्मासात तर हा बेत करूच नये. आपण त्या काळात गमनागमन मर्यादित ठेवतो आणि समुद्र खवळला की बोटीही बंद असतात. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा थंडीचा काळ योग्य. कोरीव लेण्यांचीच ओढ असेल, तर आधी वेरूळ पाहावे.

पण घरात एखादी वृद्ध व्यक्ती असेल, जिने मुंबईचे कापड आयुष्यभर नेसले आणि मुंबईचा समुद्र पाहिला नाही, तर पुढच्या खरेदीच्या फेरीत तिचेही तिकीट काढावे आणि एक दिवस जादा ठेवावा. पायऱ्या चढणे झाले नाही तरी चालेल. सासूबाईंच्या नियमांच्या वहीत त्या तारखेसमोर वाहनाच्या रकान्यात ‘तरते 2’ असे लिहिलेले आहे. सकाळी एकच धारले होते. परतीची बोट वेगळी निघाली. त्या एका जादा वाहनासाठी त्यांनी दुसऱ्या दिवशी आयंबिल केले.