प्रागला राहणाऱ्या भाचीस

चि. अनुजास,


घरमालकीणबाईंनी तुला पहिल्याच आठवड्यात बजावलं, ट्राममध्ये रोमा दिसले की पर्स सांभाळ. आणि आता तुझा हात आपोआप पर्सकडे जातो, असं तू लिहिलंस. ते मला फार लागलं. बाईंनी काळजीपोटीच सांगितलं असेल. पण खिसा कापणारा एक असतो, त्यापायी सगळी जमात चोर कशी?

तिकडे हा संशय नुसता लोकांच्या तोंडी नव्हता, कायद्यातच होता. 1927 साली चेकोस्लोव्हाकियाने, चांगल्या लोकशाही सरकारने, भटक्या 'जिप्सीं'साठी, म्हणजे मुख्यतः रोमांसाठी, वेगळा कायदा केला. बोटांचे ठसे घ्यायचे, वेगळं ओळखपत्र द्यायचं. इंग्रजांनी आपल्याकडे पारध्यांना, कैकाड्यांना हजेरीला बांधलं, तीच ही रीत. पुढे नाझी आले तेव्हा नोंदी तयारच होत्या.

प्रागच्या दक्षिणेला पीसेकजवळ लेटी नावाचं गाव आहे. ऑगस्ट 1942 मध्ये तिथल्या छावणीत रोमांची कुटुंबंच्या कुटुंबं कोंडली, सुमारे 1,300 माणसं. पहारा जर्मनांचा नव्हे, चेक शिपायांचा. तीनशेहून जास्त माणसं तिथेच उपासमारीनं नि रोगराईनं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. पाचशेहून अधिक जणांना आउश्वित्झला धाडलं. बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे चेक प्रांतांतल्या, हजारो रोमांपैकी छावण्यांतून परतले ते सहाशेसुद्धा नव्हते. आणि 1970च्या दशकात लेटीच्या त्या जागेवर सरकारनं काय उभारलं? वराहपालन केंद्र! नातेवाईक फुलं घेऊन येत ते डुकरांच्या दुर्गंधीत उभं राहायला. ती जागा सरकारनं विकत घेऊन मोकळी केली, पण स्मारक उघडायला 2024 उजाडलं. त्या जागी डुकरं पाळणं मला छावणीइतकंच भयंकर वाटतं, कारण तेव्हा ना युद्ध होतं, ना हिटलर.

मुलांच्या शाळेचंही तेच. ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळेत घालण्याचं प्रमाण इतर मुलांच्या 27 पट होतं. अठरा मुलांच्या वतीनं खटला थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि 2007 साली ती जिंकली. शिकू द्यायचं नाही, वर 'यांना शिक्षण नकोच असतं' म्हणायचं!

बाईंशी भांडू नकोस, तुला तिथेच राहायचं आहे. पण पुन्हा विषय निघाला तर लेटीबद्दल त्यांना शाळेत काय शिकवलं होतं, ते नीट विचार. आणि सुट्टी मिळाली की स्वतः तिथे जाऊन ये. त्या स्मारकात काय काय लिहून ठेवलं आहे, ते मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी