नाव कुणाला हवं आहे?

डोमेनची किंमत काढून घ्यायला जे नोएडातल्या माझ्या ऑफिसात येतात, त्यांच्याकडे बहुधा एक आकडा आधीच असतो. नाव टाइप केलं की क्षणात किंमत सांगणाऱ्या सेवा आहेत. त्या अक्षरं मोजतात, शेवटी डॉट कॉम आहे की डॉट इन ते पाहतात, तसल्या नावांच्या जुन्या विक्रीशी ताडून बघतात. हे सगळं मीही करतो, पण त्याआधी गिऱ्हाईक शोधतो. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, हे जो तो ऐकवतो. घेणाऱ्या ब्लॉक डॉट वन कंपनीला त्याच नावाचं समाजमाध्यम काढायचं होतं आणि तिच्याकडे पैसा होता, हे सांगायचं मात्र राहून जातं. नाव हवंच असलेलं कुणी नसेल, तर उरतात डोमेनचे व्यापारी. तेही पुढे विकण्यासाठीच घेतात, त्यामुळे त्यांचा भाव फार खालचा.

भारतीय शब्दांची आणखी एक अडचण आहे. ते रोमन अक्षरांत लिहायची एकच रीत नाही. संजीव बिखचंदानी यांच्या इन्फो एजने १९९७ मध्ये सुरू केलेल्या नौकरी डॉट कॉमच्या पत्त्यात 'के'नंतर थेट 'आर' येतो. मधे एक 'ए' घातला की उच्चार जवळपास तोच, पत्ता वेगळा. असा पत्ता एकाने घेतला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. शब्द तर रोजच्या बोलण्यातला; मग त्यावर हक्क कुणाचा? न्यायालयाने २००२ मध्ये इन्फो एजच्या बाजूने मनाई हुकूम दिला. साधा शब्दसुद्धा वापराने एखाद्या व्यवसायाची ओळख होऊ शकतो, हे त्यात मान्य झालं. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे दोन निकाल वाचायलाच हवेत.

त्या निकालांपासूनची माझी सवय अशी, की नाव हाती आलं की ते फोनवर काही जणांना सांगून लिहायला लावायचं. लिहिणाऱ्यांच्या स्पेलिंगचा मेळ बसला नाही, तर किंमत तिथेच उतरते.

ऑक्टोबर २०२४ मधलं जिओहॉटस्टार प्रकरण अनेकांना आठवत असेल. जिओ आणि हॉटस्टारच्या व्हिडिओ सेवा कधीतरी एकत्र येतील असा अंदाज बांधून दिल्लीतल्या एका तरुणाने ते डोमेन आधीच नोंदवून ठेवलं होतं. केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च त्याने रिलायन्सकडे मागितला, सुमारे एक कोटी रुपये. पुढे ते डोमेन दुबईतल्या भावाबहिणीकडे गेलं आणि त्यांनी ते विनामूल्य देऊ केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच नावाची सेवा सुरू झाली. त्या तरुणाच्या नजरेला मी मनापासून दाद देतो. शिकायची त्याची ओढही खरी वाटते. पण जिओ आणि हॉटस्टार हे शब्द ज्यांचे, तेच त्या नावाचे एकमेव गिऱ्हाईक, आणि त्यांना न्यायालयाचं दार उघडं. अशा नावापुढे मी शून्य लिहितो. कितीही वाईट वाटलं तरी.

गावांच्या नावांचं गणित वेगळं. गुडगावचं २०१६ मध्ये गुरुग्राम झालं, तरी घर शोधणाऱ्यांची बोटं अजून दोन्ही नावं टाइप करतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या बाबतीतही तेच चाललं आहे. राजपत्र एका दिवसात निघतं, सवय हळूहळू जाते. म्हणून जुन्या नावाच्या डोमेनची किंमत मी एकदम पाडत नाही. मात्र दर नूतनीकरणाला पुन्हा तपासायला सांगतो.

तुमच्याकडे नावं पडून असतील, तर पुढच्या वर्षाचे पैसे भरण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ती शोधून पाहा. दुसऱ्याच्या नावावर उभं असलेलं डोमेन सोडून द्या. आणि स्वतःच्या दुकानाचं नाव अजून घेतलं नसेल, तर ते आजच घ्या; नोंदणीला काही शे रुपयेच लागतात.