पुन्हा पाहणे

लेवीय पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातील थोडीच वचने मिस्सेत वाचली जातात. याजकाने त्वचेवरील डाग पाहावा, सात दिवस थांबून पुन्हा पाहावा, तरीही उलगडा न झाल्यास आणखी सात दिवसांनी पाहावा, असा तेथे नियम आहे. त्या जुन्या याजकांची चिकाटी मला नेहमी विलक्षण वाटते.

आपल्या सावळ्या लोकांत मेलानोमा हा कर्करोग बहुधा तळपायावर वा नखाखाली उद्भवतो आणि जुना मार म्हणून खपून जातो. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या टाचेवरील असा डाग शस्त्रक्रियेने काढला. जखम भरली, घरी कृतज्ञतेची रोझरी झाली आणि फेरतपासणीचा कागद पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे गेला.

मी तो मागितला तेव्हा ते म्हणाले, "फादर, देवाच्या कृपेने आता बरं हाय."

कृपा नाकारणारा मी कोण? परंतु भरलेल्या कातडीवरून आतला रोग कळत नाही. डॉक्टर टाचेबरोबर जांघही चाचपतात, कारण हा रोग पुष्कळदा प्रथम तेथील गाठींत उतरतो. म्हणून पहिली काही वर्षे दर थोड्या महिन्यांनी जावे लागते.

पुढची तारीख ऐन भातलावणीत आहे. त्यांच्या मुलाशी बोललो. त्याने रिक्षा सांगितली आहे.