शेणोलीची गाडी : आवाज आणि पुरावा

एकाच दालनात अनेक पडद्यांवर एकाच वेळी चालणारी आणि प्रेक्षकाने हिंडत पाहावयाची चित्रकृती म्हणजे चित्रपट-मांडणी. तिच्यात कोणता आवाज किती वेळ ऐकावयाचा, हे बहुतांशी प्रेक्षकाची पावलेच ठरवतात. सातारच्या प्रतिसरकारावरील, म्हणजे इंग्रज सत्तेला पर्याय म्हणून तेथे उभ्या राहिलेल्या भूमिगत सरकारावरील, अशा एका मांडणीचे ध्वनिसंयोजन करताना प्रस्तुत लेखकापुढे पहिला प्रश्न हा होता, की जी भूमिगत चळवळ बोभाटा न होऊ देण्यावरच तगली, तिचे आवाज आणावयाचे कोठून?

7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेना या सशस्त्र दलाने जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांच्या नेतृत्वाखाली शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली आणि तिच्यातून जाणारी सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. तेव्हा हा मार्ग मीटरगेज होता, इंजिन वाफेचे होते आणि रुळांचे तुकडे पट्ट्यांनी सांधलेले असल्यामुळे प्रत्येक सांध्यावर चाकांचा ठेका उमटे. 1970 च्या सुमारास मार्ग रुंद झाला आणि पुढे सलग जोडलेल्या रुळांवर तो ठेकाही मावळला. त्यामुळे आजच्या गाडीचा आवाज जुन्याच्या नावाने खपवणे लेखकाला अप्रामाणिक वाटले, आणि तो आजचाच म्हणून, आजच्या शेणोलीच्या चित्राबरोबर ठेवला गेला.

वातावरणध्वनी, म्हणजे स्थळाला आणि ऋतूला चिकटून असलेली पार्श्वभूमी, मिळवणेही सोपे नव्हते. मृगाच्या तोंडावर प्रतिसरकारचे केंद्र असलेल्या कुंडलच्या शिवारात पावशा ऐकू येतो, पण वीज असेपर्यंत पंपांची घरघर थांबत नाही, म्हणून वीज जाण्याची वाट पाहत ध्वनिमुद्रण करावे लागले. शिवाय आज सर्वत्र सळसळणारा ऊस त्या काळी एवढा पसरलेला नव्हता आणि विहिरींवर मोटेची चाके कुरकुरत होती, हेही ध्यानात ठेवावे लागले.

दालनात आणखी एक अडचण आली. खर्जातील घुमारा दिशा न पाळता पसरतो, तर बोलण्यातील व्यंजने त्याखाली दबून जातात. म्हणून गाडीचा गडगडाट विरामांपुरता राखला आणि वृद्ध सैनिकांच्या साक्षींना कानाच्या उंचीवर स्वतंत्र ध्वनिक्षेपक दिले. या साक्षींखाली संगीत घातले नाही, कारण त्या आवाजातील थकवा आणि अडखळणे हे स्मरणाचे वय सांगतात, आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने आवेश वाढवला असता तर ऐकणाऱ्याने साक्ष तोलण्याऐवजी केवळ भारावून जाणे पसंत केले असते. पोवाडा वापरला, तो वेगळ्या पडद्यावर, नव्याने गायलेला आहे असे स्पष्ट लिहून.

या कामातून लेखकाचे मत ठाम झाले, की इतिहासाच्या ध्वनिसंयोजकाने मूळ, आजचा आणि नव्याने घडवलेला आवाज यांतील सीमा श्रोत्याला कळू द्यावी. ज्यांनी जीव धोक्यात घालून हा इतिहास घडवला, त्यांच्याशी इतके इमान राखणे हे त्याचे कर्तव्यच आहे.