पेटीतला उजेड

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या दिवशी जुगार खेळायला शास्त्राचा आधार आहे, असे आमचे अण्णा सांगत. आधार एका दिवसाचा होता. अण्णांनी तो वर्षभर पुरवला. म्हणूनच की काय, माझ्या संसारात पत्त्यांचा जोड कधी शिरला नाही आणि सत्तरी उलटेपर्यंत मी एका पैशाची पैज लावली नाही.

असा मी २०२३ साली दिवाळीसाठी मुलाकडे कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला गेलो. आणि पाहतो तो काय, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जुगाराचे एक धिप्पाड यंत्र! तीन चाके, बाजूला दांडा, वर लाल-पिवळी काच. डोंगरापलीकडच्या नेवाडातून, रीनो शहरातल्या एका कॅसिनोतून निवृत्त झालेले.

"पंचवीस वर्षांहून जुनं आहे, बाबा. पैसे लावून खेळायचं नाही, या अटीवर इथे घरी ठेवता येतं," मुलगा म्हणाला. "टोकनं टाकायची, तीच परत काढायची."

मी मान डोलावली आणि दोन दिवस त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसलो.

तिसऱ्या दिवशी यंत्रच आजारी पडले. वरच्या काचेमागची ट्यूब लुकलुकू लागली आणि मधल्या चाकामागे अंधार झाला. मुलाने यंत्राचे दार उघडले. "बाबा, जरा बॅटरी धरता?" आता बॅटरी धरण्यात कसला आला आहे जुगार? मी धरली.

आत राक्षस असेल अशी माझी कल्पना. निघाले काय, तर चोक, स्टार्टर आणि धूळ! चाकांवर चित्रांच्या अर्धपारदर्शक पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीमागे तीन इवलेसे दिवे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांच्यामागचे प्लास्टिक पार पिवळे पडले होते.

मुलगा काम करता करता सांगू लागला. १८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या यांत्रिकाने 'लिबर्टी बेल' हे तीन चाकांचे यंत्र बनवले, तेव्हा चाके आपल्या गतीने फिरत आणि थांबत. पुढे १९८४ साली इंग टेलनेस यांना एका निराळ्या युक्तीचे पेटंट मिळाले. आता निकाल चिपमधला आकडा लावतो. चाके फक्त तो दाखवतात.

"म्हणजे चाकं थांबायच्या आधीच सगळं ठरलेलं?"

"हो. तिसरी घंटा रेषेच्या जरा वर थांबली की वाटतं, थोडक्यात गेलं. थोडक्यात वगैरे काही नसतं."

मी गप्प झालो. 'थोडक्यात गेलं' हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकले होते.

प्लग काढून मुलाने चोक आणि स्टार्टर बाद केले, ट्यूबच्या जागी एलईडीची पट्टी लावली आणि चाकांमागे एलईडीचे छोटे दिवे बसवले. एक पेटेना. उलटा बसला होता. काढून फिरवून घातला, तसा पेटला. पण एकंदर शोभा बघण्यासारखी नव्हती. प्रत्येक चित्राच्या मधोमध पांढरा ठिपका, कडा काळोख्या आणि चेरी वाळल्यासारख्या तपकिरी. मुलगा हिरमुसला.

"पिवळसर उजेडाचे दिवे आण," मी म्हणालो. "या निळसर पांढऱ्या उजेडात लाल रंग मरतो. आणि मध्ये काहीतरी दुधी घाल. दिवा दिसता कामा नये, चित्र दिसलं पाहिजे."

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

मुलाला मी अण्णांच्या आकाशकंदिलांविषयी कधी बोललो नव्हतो. कारण कंदील सांगायचे तर पाटल्याही सांगाव्या लागल्या असत्या. त्या दिवशी दोन्ही सांगितले. गिरगावातल्या आमच्या चाळीत अण्णांसारखा कंदील कुणाला जमत नसे. कामट्या तासाव्या त्यांनी, खळ शिजवावी त्यांनी. "दिवा दिसता कामा नये, कंदील दिसला पाहिजे," हे त्यांचेच वाक्य. एका पाडव्याला कंदील लावून ते आईच्या पाटल्या घेऊन बाहेर पडले आणि भाऊबीजेच्या सकाळी रिकाम्या हातांनी परतले. "थोडक्यात गेलं," म्हणाले. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त कंदिलाचे बटण बंद केले. त्यानंतर आमच्या दारात कंदील लागला नाही, माझ्याही नाही.

मुलगा बराच वेळ पान्याशी चाळा करत राहिला. मग उठून सूनबाईंच्या एका डब्याचे दुधी झाकण घेऊन आला. परवानगी घेतली होती की नाही, ते मी विचारले नाही. झाकण कापून दिव्यांपुढे बसवले, संध्याकाळी पिवळसर दिवे आणले, दार लावले. चेरी लालचुटूक झाल्या. ठिपका कुठेच नव्हता.

"ओढा, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदा मी दांडा ओढला. दोन घंटा आल्या. तिसरी रेषेच्या किंचित वर थांबली. ते जुने वाक्य ओठांवर आले, आणि मला एकदम हसू फुटले. मुलगाही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी त्याला विचारले, इथे बांबूच्या कामट्या कुठे मिळतील.