निकितिनचा घोडा आणि आमची रिक्षा

परदेशी हौशी मंडळी रिक्षा चालवत अख्खा भारत पालथा घालतात. 'रिक्षा रन' नावाचा हा उद्योग एका ब्रिटिश कंपनीने २००६ साली सुरू केला. हजारो किलोमीटर जायचं, आणि वाटेत गाडी बंद पडली तर ज्याचं त्याने बघायचं. आपल्याकडे रिक्षाची झेप स्टेशनपासून घरापर्यंत, तीही मीटरवरून हुज्जत घालून. तरी चैत्रात आम्ही दोघांनी नारायणगावच्या स्टँडवर रिक्षा ठरवली. आधी जुन्नर, मग नाणेघाट, तिथून आंबेगावात आहुप्यापर्यंत. रिक्षावाल्या भाऊंनी आम्हाला खालीवर न्याहाळलं. "एष्टी जाती की तिकडं," म्हणाले.

नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या होत्या. पांढऱ्या टोपीतले गावकरी यात्रेची सुपारी द्यायला आले होते. भावावरून ताणाताणी चालली होती. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. इथून थोड्याच अंतरावर खोडद. रिक्षाचं एक आहे, टपाखालून रस्ता दिसतो, आकाश दिसत नाही. खोडदला त्यामुळे खाली उतरावंच लागलं. समोर रेडिओ दुर्बिणीची ४५ मीटर व्यासाची तबकडी, आणि तीही पत्र्याची नव्हे, तारेच्या जाळीची, वारा आरपार जाणारी. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या अशा ३० अँटेना इथून २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. विश्वातून येणारे क्षीण रेडिओतरंग ऐकायचे तर भोवती माणसाच्या यंत्रांचा गोंगाट कमी हवा. स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा रेडिओतरंग सोडते. म्हणजे एकीकडे राहुट्यांतली ढोलकी, दुसरीकडे तारकांची कुजबुज, आणि मध्ये आमची फटफटणारी रिक्षा!

जुन्नरच्या वाटेवर वाकून शिवनेरी पाहिला. शिवजन्माचा हा गड सगळ्यांना ठाऊक. पण मला आठवत होता अफानासी निकितिन, रशियातल्या त्व्हेरचा व्यापारी. १४७० च्या आगेमागे तो चौल बंदरात उतरला. गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे लागत, असं त्याने लिहून ठेवलंय. विकायला घोडा घेऊन तो जुन्नरला आला. चौलहून यायला तीन आठवड्यांच्या वर लागले. इथे पावसाने त्याला गाठलं, आणि चार महिने तो चिखल बघत बसला. पाऊस पडतो तेव्हा हे लोक नांगरतात, पेरतात, याचंच त्याला नवल. घोड्यांना साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, हे त्याहून मोठं नवल. असदखान नावाच्या इथल्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, मग परत देतो, म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून धर्म आणि घोडा दोन्ही वाचले.

भाऊंना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खिचडीवर घोडा चालतो, तर रिक्षा का चालू नये? पेट्रोल लई महाग झालंय."

निकितिन इथला पहिला परदेशी म्हणावा, तर तेही नाही. शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत: चिट, इरिल, चंद. एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, एकाने पाण्याची दोन टाकी. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातून आलेली माणसं इथे पाण्याची सोय करून गेली. आम्ही आलो ते बिसलेरीच्या बाटल्या घेऊन.

चावंडवरून घाटघरकडे रिक्षाने धाप टाकायला सुरुवात केली. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असं सांगतात. लेण्यातल्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे: यज्ञ, दक्षिणा, हजारो गायी, आणि त्यांचे आकडे ब्राह्मी अंकचिन्हांत. शेजारी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता राहिली आहेत नावं, आणि त्याखाली थोडी पावलं. राजे गेले, हिशेब मात्र शाबूत! घाटाच्या कडेवर उभं राहिल्यावर खाली कोकण इतकं अचानक तुटून पडतं की पाय आपोआप मागे सरतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवर ही चढण चढून येई, हे त्या कडेवर उभं राहून खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आंबेगाव तालुका. गंमत अशी की जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी घोडेगावात. पाणी डाव्या-उजव्या बाजूला लपंडाव खेळत राहतं. माळीणचा फाटा आला तेव्हा भाऊ बोलायचे थांबले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथे डोंगर गावावर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. आम्हीही काही विचारलं नाही.

आहुप्याच्या चढाला एक महादेव कोळी मावशी हात करून उभी होती, शेजारी बाळहिरड्याचं पोतं. "कुठनं आला?" बसता बसता तिने विचारलं.

"पुण्याहून."

"रिक्षानं?" ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग पोतं माझ्या मांडीवर सरकवून भाऊंना म्हणाली, "दादा, पुढं वळणावर चढ हाय. ह्यांना उतरवा, म्हंजे गाडी चढंल."

वळण आलं. आम्ही दोघं उतरून चालू लागलो. मावशी आणि पोतं बसून वर गेली.